बाझोवित्साचा माळ

मी बेळगावचा. गावाच्या पाटीवर कुठल्या भाषेत काय लिहावं यावरून आपल्याकडे काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हे लिहितोय.

माझी भाची इटलीत त्रिएस्तेजवळच्या एलेट्रा सिंक्रोट्रॉनवर प्रयोगासाठी गेली होती. तिच्यामागे मीही गेलो. ती प्रयोगशाळा बाझोवित्सा गावाला लागून आहे. पाटीवर नाव दोनदा, एकदा इटालियन आणि एकदा स्लोव्हेनियन. उच्चार जवळजवळ एकच, स्पेलिंग मात्र वेगळं! रविवारी गाइडबरोबरच्या पायी फेरीत नाव घातलं.

या पठाराचं नाव क्रास. जगभरचे भूगोलवाले ज्याला ‘कार्स्ट’ म्हणतात, तो शब्द इथलाच. आपल्या काळ्या दगडावरून पाणी ओढ्यानाल्यांनी वाहतं. इथला चुनखडीचा दगड पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो, भेगा रुंदावतात आणि पाणी थेट खाली जातं. वर ओढा नाही, नाला नाही. रेका नावाची अख्खी नदी श्कोत्सियानच्या गुहेत शिरते आणि चाळीसेक किलोमीटर जमिनीखालून जाऊन समुद्राजवळ तिमावो नावाने वर येते. 1841 मध्ये लिंडनर नावाचा माणूस त्रिएस्ते शहरासाठी पाणी शोधत इथल्या एका विवरातून तीनशे मीटरहून जास्त खोल उतरवला गेला... म्हणजे त्याने माणसं उतरवली, वाट फोडली. तळाशी नदी सापडली, पण एवढ्या खोलातून पाणी वर आणणार कसं? शहर तहानलेलंच राहिलं.

आता माळावर येऊ. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. 13 जुलै 1920 ला फॅसिस्टांनी त्रिएस्तेतलं स्लोव्हेन लोकांचं ‘नारोद्नी दोम’ जाळलं. पुढे त्यांच्या शाळा बंद केल्या, आडनावंसुद्धा इटालियन करून टाकली. आडनावं! फॅसिस्ट वर्तमानपत्राच्या कचेरीत बॉम्ब फुटला, एक पत्रकार गेला. त्या खटल्यात चार तरुणांना 6 सप्टेंबर 1930 ला याच माळावर गोळ्या घातल्या. त्यांचं स्मारक इथे आहे.

तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर दुसरं स्मारक आहे. कोळशासाठी खणून सोडून दिलेली एक खोल विहीर. मे 1945 मध्ये युगोस्लाव्ह फौजांनी चाळीस दिवस त्रिएस्ते ताब्यात ठेवलं, तेव्हा पकडलेल्या माणसांना मारून त्यात टाकलं गेलं. किती, यावर अजून वाद आहे. या दगडात जे खाली गेलं ते मोजायला सहज वर येत नाही.

एकाला पहिलं स्मारक आपलं वाटतं, दुसऱ्याला दुसरं. 13 जुलै 2020 ला, आग लागली त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, इटली आणि स्लोव्हेनियाचे राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला आणि पाहोर दोन्ही ठिकाणी गेले, हातात हात धरून उभे राहिले. त्याच दिवशी नारोद्नी दोम स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या.

गाइड बाईंना विचारलं, फेरीत आधी कुठलं स्मारक दाखवता? त्या हसल्या. म्हणाल्या, यावरून लोक माझ्याशी भांडतात, म्हणून मी सालाच्या क्रमाने जाते. आधी 1930, मग 1945. आणि दोन्हीकडे सारखाच वेळ थांबते, घड्याळ लावून.