डबा मोजला, डोस राहिला

मिरा-भाईंदरमध्ये 1991 साली पावणेदोन लाख माणसे होती. 2011 च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या काठावर चाळी आणि इमारती दाटत होत्या, तेव्हाच दक्षिणेला, मुंबईच्या धारावीत, एका पाहणीने क्षयाच्या औषधांचा गोंधळ उघड केला. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या उपळेकर-शेपर्ड यांच्या अभ्यासात 100 खासगी डॉक्टरांनी तब्बल 80 निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. या गोंधळावर सरकारी उतारा होता डॉट्स: रुग्णागणिक औषधांचा एक डबा आणि एक उपचारपत्रिका. 2006 पर्यंत ही पद्धत देशभर पोहोचली. माझे म्हणणे असे की या पत्रिकेने गिळलेल्या खुराकांची नोंद चोख ठेवली, पण डोस पुरेसा होता का, हा प्रश्नच तिने विचारला नाही. आठवड्यातून तीनदा 450 मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध, 36 किलोच्या माणसालाही आणि 59 किलोच्यालाही. पहिल्याला किलोमागे 12.5 मिलिग्रॅम मिळत, दुसऱ्याला साडेसातच्या आसपास. वजनाचा रकाना पत्रिकेत होता, पण त्याचा उपयोग मुख्यतः प्रकृती सुधारते आहे का हे पाहण्यापुरता. भागाकाराची सामग्री कागदावर होती. भागाकार कोणी करायचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

यावर उत्तर तयार असते: डबा एकसारखा होता म्हणूनच तो आडगावच्या केंद्रापर्यंत पोहोचला, आणि समोर उभे राहून गोळी गिळवता आली. ते खरेच आहे; 80 योजनांपेक्षा एक सदोष योजना बरी, हेही मान्य. पण सोय आणि पुरेपणा या दोन गोष्टी. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ महिन्यांत रोजची औषधे सुरू करायला सांगितले, आणि वजनगट आले. आज 59 किलोच्या रुग्णाला रोज चार गोळ्या, म्हणजे 600 मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन मिळते. आठवड्याचा हिशेब 1350 वरून 4200 वर गेला. आता सारे सरकारच्या ‘निक्षय’ या क्षयनोंदणी प्रणालीत असते, मग काळजी कसली, असेही कोणी म्हणेल. 2012 पासून क्षयाची खबर देणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण खबर म्हणजे चिठ्ठी नव्हे. रुग्ण सापडल्याची नोंद झाली, म्हणून त्याला किलोमागे किती मिलिग्रॅम लिहून दिले ते कळतेच असे नाही. दवाखान्याची चिठ्ठी रुग्णाच्या खिशातून औषधाच्या दुकानात जाते आणि तिथेच संपते. मिरा-भाईंदरला आपले डोस जाणून घ्यायचे असतील, तर वजन आणि मिलिग्रॅम हे दोन आकडे त्या खबरेला जोडून घ्यावेत, आणि महापालिकेने ही मागणी आजच करावी.