विकणे आहे: एक दरी, तीन स्टेशने

मॉडेल रेल्वेच्या छंदाला वाहिलेली इंग्रजी मासिकं चाळली, की मागच्या पानांत एका प्रकारची जाहिरात हमखास सापडते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर तोच. पूर्ण झालेला लेआऊट विकणे आहे. कारण, घर बदलतोय, किंवा तब्येत साथ देत नाही, किंवा ज्यांनी बनवला ते आता नाहीत. आणि मग शेवटची अट: घेणाऱ्याने स्वतः येऊन सोडवून न्यावा.

या छंदाची सगळी शोकांतिका त्या शेवटच्या अटीत आहे असं मला वाटतं.

लेआऊट म्हणजे सतरंजीवर रूळ जोडून गोल गोल फिरवायची आगगाडी नव्हे. एखाद्या खोलीत किंवा तळघरात लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर प्लायवूड, त्यावर जाळी आणि प्लॅस्टरचे डोंगर. रूळ, सांधे, बोगदे, पूल, स्टेशनं, गावं, झाडं. आणि खाली, फळ्यांच्या पोटात, शेकडो वायरी. सगळ्यात लोकप्रिय प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या हिशेबात सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो आणि एक मैल रुळाला साठ फूट जागा लागते. माणसं यात वीस-वीस, तीस-तीस वर्षं घालवतात. संध्याकाळी कामावरून आलं, जेवण केलं, की उतरले तळघरात.

आणि हे सगळं विकायला काढलं की काय होतं? घेणारा येतो, इंजिनं बघतो, डबे बघतो, हाताने बनवलेल्या एखाद-दोन इमारती बघतो. डोंगराकडे बघून "वा, सुंदर" म्हणतो. पण डोंगर नेणार कुठे? तो ज्या भिंतीला बिलगून वाढला, ती भिंत त्याच्या घरी नाही. दारातून निघायचा तर करवतीने कापावा लागणार. खालच्या वायरिंगचा नकाशा बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या डोक्यातच असतो. म्हणून या छंदातली जुनीजाणती मंडळी निर्विकारपणे सांगतात, की लेआऊटची किंमत म्हणजे त्यावरून जे उचलून नेता येईल त्याची किंमत. उरलेलं कचऱ्याच्या गाडीत जातं. वर ते उचलायला माणसं लावावी लागतात, तो खर्च वेगळाच.

आपल्याला हे तसं परकं नाही. दिवाळीचा किल्ला आठवा. दगड-विटा, चिखल, त्यावर पेरलेले हळीव, बुरुजावर मावळे, सिंहासनावर महाराज. तुळशीचं लग्न झालं की मावळे खोक्यात परत, किल्ला अंगणाच्या मातीत परत. मावळे दरवर्षी कामाला येतात, किल्ला नाही. पण आपला किल्ला मुळातच पंधरा दिवसांचा असतो, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. तीस वर्षं किल्ला बांधणाऱ्याचं काय?

या प्रश्नाचं सगळ्यात प्रसिद्ध (आणि सगळ्यात वाईट) उत्तर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावचं आहे. तिथे जॉन ॲलन नावाचा एक फोटोग्राफर राहायचा. १९१३ चा जन्म. त्याच्या रेल्वेचं नाव होतं 'गोरे अँड डेफेटिड'. इंग्रजीत भराभर म्हटलं की 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत, असं ऐकू येतं. माणूस विनोदी होता. त्याच्या यार्डात शंटिंगला इंजिनाच्या जागी एक स्टेगोसॉरस जातीचा डायनासोर असे. तिचं नाव एमा. गंमत अशी, की तिच्याभोवतीचं सगळं जग इतकं खरं होतं, की एमाही खरीच वाटायची.

त्याच्या आधी बहुतेकांच्या गाड्या टेबलावर धावायच्या. ॲलनने डोंगर जमिनीपासून छतापर्यंत चढवले, त्यामुळे बघणारा दरीच्या आत उभा राहू लागला. इंजिन कोरं करकरीत दिसावं ही तेव्हाची रीत. ॲलनने इंजिनांवर गंज चढवला, काजळी माखली, पाण्याचे ओघळ रंगवले, लाकडी घरांची छपरं मोडकी केली. आज जगभर हे सगळे करतात, पण तेव्हा लोक त्याचे फोटो बघून चक्रावले होते. फोटोग्राफर असल्याचा फायदा असा, की कॅमेरा कुठे ठेवला म्हणजे दोन सेंटिमीटरचा माणूस माणूस वाटेल, हे त्याला नेमकं माहीत होतं. आणि नुसतं बघण्यापुरतं नाही, मित्रांना बोलावून तो वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवायचा. ही त्याची तिसरी रेल्वे, आणि तिच्यावर तो जवळजवळ वीस वर्षं काम करत होता.

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराने गेला. रेल्वे पूर्णत्वाच्या अगदी जवळ आली होती, पण पूर्ण नव्हती. तिचं पुढे काय करायचं याचा मित्रांनी नीट विचार करायच्या आतच, दहा दिवसांनी, घराला आग लागली आणि बहुतेक सगळं जळून गेलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते एखाद्या कादंबरीत लेखकाने उगाच घुसवलेल्या प्रसंगासारखं वाटलं होतं. नंतर विचार केला, की आग लागली नसती तर? घर विकलं गेलं असतं. नव्या मालकाला तळघर हवं असतं. कुणीतरी करवत आणली असती. आगीने फक्त काम लवकर उरकलं, एवढंच. हे बोलणं कठोर आहे खरं, पण या छंदाचा इतिहास बघितला तर याहून वेगळं क्वचितच घडतं.

मग ॲलनचं उरलं काय? फोटो उरले. 'मॉडेल रेलरोडर' या मासिकाचे संपादक राहिलेले लिन वेस्टकॉट यांनी त्या फोटोंवरून त्याच्या कामावर एक पुस्तक लिहिलं. ते १९८१ साली आलं, तोवर वेस्टकॉटही गेले होते. आणि दुसरी उरलेली गोष्ट अगदी चिमुकली आहे. मरणाच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, ॲलनने शंटिंगचं एक कोडं त्या मासिकातून मांडलं होतं. नाव 'टाइमसेव्हर'. एका फळीवर मावेल एवढा रूळ, पाच सांधे, एक इंजिन, थोडे डबे. प्रत्येक डबा कमीत कमी वेळात आपल्या जागी लावायचा. ज्याने वीस वर्षं आख्खं तळघर डोंगरांनी भरलं, त्याची आज जगात ठिकठिकाणी चालणारी एकमेव 'रेल्वे' म्हणजे हे फळीभर कोडं. कारण उघड आहे. ते त्याने वाटून टाकलं होतं. नकाशा बघून कुणीही घरी बनवू शकतो.

विकण्याची गोष्ट निघाली आहे तर पितळी इंजिनांबद्दल थोडं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकन सैन्याचा तळ होता. त्यांच्यातले काही या छंदातले. जपानी कारागीर छोट्या छोट्या कारखान्यांत पितळेचे पत्रे कापून, एकेक नळी आणि झडप सोल्डर करून अमेरिकन इंजिनांच्या प्रतिकृती बनवू लागले. टोकियोच्या गिंझा भागातलं तेनशोदो हे घड्याळ-दागिन्यांचं दुकान या व्यापारातलं मोठं नाव झालं. पुढची कित्येक वर्षं ही इंजिनं मर्यादित संख्येत अमेरिकेत जात राहिली. नंतर मजुरी वाढली तसं काम कोरियाकडे सरकलं. लोकांनी ती गुंतवणूक म्हणून घेतली. अनेक इंजिनं तर खोक्यातून बाहेरही आली नाहीत, रुळावर धावणं दूरच. आणि मग ती पिढी म्हातारी झाली, संग्रह एकदमच बाजारात येऊ लागले आणि भाव उतरले. ज्याने हाताने बनवलं तो कारागीर अनामिक राहिला, ज्याने घेतलं त्याने चालवलं नाही. हा भाग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत उदास भाग वाटतो, ॲलनच्या आगीपेक्षाही.

गायक नील यंगचं उदाहरण वेगळं आहे. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. त्या मुलाला आगगाडी स्वतः चालवता यावी म्हणून बाप नियंत्रक यंत्रं बनवण्यात पडला, आणि त्यातून पुढे लायोनेल या खेळण्यातल्या गाड्यांच्या जुन्या कंपनीत त्याने भांडवलही घातलं. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने आपल्या संग्रहातल्या लायोनेल गाड्या लिलावात काढल्या, आणि त्या गेल्या. प्रसिद्ध माणसाच्या वस्तू, त्यामुळे गिऱ्हाइकं भरपूर. पण इथेही लिलावात काय होतं ते बघा. इंजिनं आणि डबे. त्याच्या रँचवर झाडांचे ओंडके आणि शेवाळ वापरून उभं केलेलं रान कुणी हातोड्याखाली ठेवलं नाही. ठेवता आलंही नसतं.

डबे मात्र फिरतात, आणि विकल्याशिवायही फिरतात. १९३५ साली अमेरिकेतल्या छांदिष्टांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे चाकांची आणि रुळांची मापं ठरवणं. तोवर एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळावरून घसरायची. मापं ठरल्यावर माझा डबा तुझ्या रुळावर धावू लागला. यातून एक गोड प्रथा पडली. मित्राकडे जाताना आपल्या काल्पनिक रेल्वेचं नाव रंगवलेला एखादा डबा भेट न्यायचा आणि त्याचा एक आणायचा. ओहायोतल्या डेटन भागात राहणाऱ्या ॲलन मॅक्लेलंडने 'व्हर्जिनियन अँड ओहायो' नावाची एक कोळसा वाहणारी काल्पनिक रेल्वे रचली होती. टोनी कोस्टर या लेखकाने १९७५ मध्ये 'ॲलेघनी मिडलंड' सुरू केली, ती मॅक्लेलंडच्या रेल्वेशी कागदोपत्री जोडलेली. दोन तळघरांमध्ये शेकडो मैलांचं अंतर, पण एकाचे डबे दुसऱ्याच्या यार्डात उभे. कोस्टरने पंचवीस वर्षांनी, २००० साली, आपली रेल्वे स्वतःच मोडली, कारण त्याला लहानपणी पाहिलेली खरी निकेल प्लेट रेल्वे बनवायची होती. विकायच्या भानगडीत न पडता स्वतः मोडणारा हा माणूस मला आवडतो.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात याच्याही पुढची युक्ती निघाली. एन्ट्रॅक. प्रमाण १:१६०. प्रत्येकाने साधारण दोन फूट बाय चार फुटांची एक फळी घरी बनवायची. तिच्यावर डोंगर करा, बंदर करा, वाटलं तर मंगळ ग्रह करा. अट एकच, की पुढच्या कडेने तीन रूळ ठरलेल्या अंतरावर जायला हवेत. मग सगळे एखाद्या हॉलमध्ये जमतात, फळ्या शेजारी शेजारी लावतात आणि मैलोगणती रेल्वे तयार होते. संध्याकाळी ज्याची फळी त्याच्या गाडीत. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे: अंगतपंगत. डबा ज्याचा त्याचा, पंगत सगळ्यांची. इथे फळी विकायची वेळ आली तरी ती दारातून निघते, दुसऱ्याच्या पंगतीत बसते. अर्थात ॲलनच्या दरीत उभं राहिल्यावर जे वाटत असेल, ते इथे नाही. फुटाफुटावर प्रदेश बदलतो. काहीतरी द्यावं लागतंच.

पुण्याच्या भाऊ जोशींनाही हा प्रश्न पडलाच होता. त्यांनी आधी प्रदर्शनासाठी नेता-आणता येईल अशी रेल्वे करून पाहिली. दर वेळी जोडायची, सोडायची, उचलायची, हे फार जड जाऊ लागलं. शेवटी १९९८ मध्ये कर्वे रस्त्याजवळ कायमचं छोटं शहर उभं राहिलं, आणि लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. ज्या पुणेकराने ते अजून पाहिलं नसेल त्याने मुलांचं निमित्त करून जावं. आपण निमित्ताशिवाय गेलो तरी कुणी हसत नाही.

सबंधच्या सबंध रेल्वे वाचल्याची दोन उदाहरणं मला माहीत आहेत, दोन्ही इंग्लंडमधली. जॉन अहर्नने तिशीच्या दशकाच्या अखेरीस 'मॅडर व्हॅली' बांधायला घेतली. एक काल्पनिक दरी, एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला गाव, मध्ये कार्डबोर्डची घरं. रेल्वेपेक्षा दरी महत्त्वाची, हे त्याने ॲलनच्याही आधी ओळखलं. घरं कशी बनवायची, डोंगर कसे करायचे हे त्याने पुस्तकं लिहून सगळ्यांना सांगून टाकलं. १९६१ साली तो गेला, आणि मॅडर व्हॅली ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयाकडे आली. ते संग्रहालय रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने १९५४ मध्ये सुरू केलेलं. जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना बघून त्याने ती १:७६ प्रमाणात, घर न् घर मोजून, बनवायचा ध्यास घेतला होता. इतकं वेड असलेली संस्था होती, म्हणून दुसऱ्याच्या वेडाला तिथे जागा मिळाली.

दुसरं उदाहरण पीटर डेनी या पाद्र्याचं. त्यांची 'बकिंगहॅम' चाळिशीच्या दशकातली. घर बदलेल तशी ते ती नव्याने रचत गेले. गाड्या चालवायला मुलगा क्रिस्पिन असायचा. तो हाताशी नसताना अडायला नको म्हणून डेनींनी त्याच्या वाट्याचं काम करणारं एक यंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. २००९ मध्ये डेनी गेले. ती रेल्वे जवळून ओळखणाऱ्या एका छांदिष्टाने ती आपल्याकडे नेऊन उभी केली आणि पुन्हा चालती केली. ती नीट चालवायची तर वेळापत्रक लागतं, दोन-तीन माणसं लागतात, आणि एका सिग्नल केबिनमधून दुसरीकडे वाजवायच्या घंटांच्या खुणा आधी शिकून घ्याव्या लागतात.