जुन्या लॅपटॉपचं दप्तर: मिरज, सातारा आणि आपल्या फाइल्स

पीएचडीला नाव नोंदवलं की बहुतेक जण लॅपटॉप बदलतात. जुन्याच्या स्क्रीनवर उभ्या रेषा आलेल्या असतात, नाहीतर तो अर्धा काळा पडलेला असतो. अशा वेळी आपण नवीन मशीनच्या रॅमची चर्चा करतो, पण जुन्यातलं नेमकं काय न्यायचं याचा विचार कमी होतो. हा प्रश्न आपल्या सातारा-सांगली भागाला नवीन नाही. इथल्या दोन माणसांनी तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला होता.

पहिले मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. हे शाळेत संस्कृत शिकवायचे. पटवर्धन घराण्याच्या दप्तरात पेशवाईतली पत्रं पडून होती, सगळी मोडी लिपीत. खरेशास्त्र्यांनी ती वाचून, निवडून, बाळबोधीत उतरवून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला सुरुवात केली. १९२४ मध्ये ते वारले, तोपर्यंत हे काम चालू होतं. आज मोडी वाचणारे मोजकेच आहेत, पण छापलेली ती पत्रं तुम्ही-आम्ही सहज वाचू शकतो.

दुसरे साताऱ्याचे द. ब. पारसनीस. त्यांनी आयुष्यभर कागद, चित्रं, नकाशे जमवले. वाईजवळच्या मेणवलीचं नाना फडणवीसांचं दप्तरही त्यांच्या संग्रहात आलं. १९२६ मध्ये पारसनीस गेले. पुढे १९३९ मध्ये साताऱ्याचा हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला आणि तिथे अभ्यासकांच्या उपयोगी पडला.

म्हणजे कामं दोन आहेत. पारसनिसांच्या संग्रहाचं झालं ते स्थलांतर, खरेशास्त्र्यांनी केलं ते लिप्यंतर. लॅपटॉप बदलताना आपण फक्त पहिलं करतो. पेन ड्राइव्हवर कॉपी मारली की झालं!

आता स्क्रीनकडे येऊ. द्रवस्फटिकाचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. जुन्या लॅपटॉपमध्ये मागचा दिवा म्हणजे पाऱ्याची वाफ असलेली बारीक नळी. ती थकली की पडदा गुलाबी दिसतो, मग काळा पडतो. अशा वेळी स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून बघा. चित्र अंधुक दिसलं, तर बिघाड दिव्याच्या बाजूचा आहे. डिस्क वेगळी असते, त्यामुळे लॅबमधला मॉनिटर किंवा वर्गातला प्रोजेक्टर जोडला की बहुतेक वेळा काम भागतं. डोळे गेले म्हणून स्मरणशक्ती जात नाही, तसंच हे.

खरी अडचण पुढे आहे. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं. त्यांचे अनेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण समोर नुसता गिचमिडा! कागद शाबूत आहे आणि लिपी वाचता येत नाही, हे अगदी मोडीसारखंच झालं. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक ०९१५ असा ठरलेला आहे, तो फॉन्ट बदलला तरी बदलत नाही.

म्हणून अशा फाइल्स कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर डोळ्यांनी तपासा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं खास बघा. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जायचा, युनिकोडमध्ये उलट असतं. चुका तिथेच होतात.

विज्ञानवाल्यांनीही हसू नये. आपल्या उपकरणांच्या फाइल्स ही आपली मोडीच आहे. एक्सआरडी किंवा स्पेक्ट्रोमीटरचा डेटा अनेकदा त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, आणि त्याचं लायसन्स कधीकधी फक्त त्या जुन्या मशीनवर असतं. ते चालू आहे तोवर सगळा डेटा साध्या टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करा. मूळ फाइलही ठेवा. सोबत नमुना कोणता, तारीख काय, एककं कोणती, हे एका पानावर लिहा. तीन वर्षांनी परीक्षकाने आकृतीमागचे आकडे मागितले, तर ‘लॅपटॉप गेला’ हे उत्तर चालत नाही. आकडे दाखवता आले नाहीत तर निष्कर्षही लटकतो.

हे सगळं झालं, नव्या मशीनवर फाइल्स उघडून पाहिल्या, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली, की मगच डिस्क पुसा. नुसतं डिलीट केल्याने डेटा जात नाही, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत मिळवता येतो. आणि पाऱ्याची नळी असलेला तो पडदा भंगारात फोडायला देऊ नका, अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्या.