पेठ बीड : नदीपलीकडचे उपनगर की मूळचे गाव?

बीड शहराच्या मधून बिंदुसरा वाहते. पश्चिम काठावर तटबंदीचे जुने शहर आहे. तट बहुतांशी ढासळला असला तरी कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे लोकांच्या बोलण्यात अजून जिवंत आहेत. पूर्व काठावरच्या वस्तीला म्हणतात पेठ बीड. शहराचा इतिहास सांगणारा बहुधा वेशीच्या आतून सुरुवात करतो आणि पेठेचा उल्लेख शेवटी, पुरवणी जोडावी तसा करतो. या धाग्याचा विषय ती पुरवणी आहे. कारण उपलब्ध पुरावा नीट मांडला तर पुरवणी कोणती आणि मूळ ग्रंथ कोणता, याविषयीच शंका निर्माण होते.

आधी शब्द पाहू. मराठी कागदपत्रांत 'मौजे', 'कसबे' आणि 'पेठ' हे तीन वेगळे दर्जे आहेत. मौजे म्हणजे खेडे. कसबे म्हणजे परगण्याचे ठाणे, जिथे अंमलदार बसतो. पेठ ही व्यापारासाठी वसवलेली वस्ती. पेठ वसवणारा कौल घेई, म्हणजे येणाऱ्या वाणी-उदमी आणि कारागिरांना काही वर्षे करात सूट मिळेल असे लेखी आश्वासन. तिचा कारभार शेटे आणि महाजन पाहत. पुण्यात कसबा पेठ जुनी आणि तिच्याभोवती शनिवार, रविवार, सदाशिव, नाना अशा पेठा नंतर वाढल्या, हे सर्वपरिचित आहे. त्यामुळे 'पेठ' म्हटले की नंतरची भर, असे समीकरण मनात पक्के बसते. बीडच्या बाबतीत हेच समीकरण फसवे ठरते.

1898 मध्ये काझी मुहंमद कुत्बुल्ला यांनी 'तारीख-ए-बीर' हा बीडचा इतिहास लिहिला. त्यातून पुढे आलेली परंपरा अशी : मुहंमद तुघलकाच्या काळात जुना खान नावाचा सुभेदार बीडला होता. त्याने रयतेच्या सोयीची अनेक कामे केली, बिंदुसरेचा प्रवाह वळवला आणि वस्तीच्या रक्षणासाठी भिंत उभारली. त्यापूर्वी गावाला तट नव्हता आणि गाव बिंदुसरेच्या पूर्व काठावर होते. भिंत झाल्यावर लोकवस्ती मोठ्या प्रमाणात पश्चिमेकडे सरकली.

हे खरे मानले तर चित्र पूर्णपणे उलटते. आज ज्याला पेठ म्हणतात तेच जुने बीड, आणि वेशीच्या आतले 'मूळ शहर' ही चौदाव्या शतकातली नवी वसाहत.

अर्थात साधनाची पारख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घटना आणि ग्रंथ यांत साडेपाचशे वर्षांचे अंतर आहे. शिवाय गादीवर येण्यापूर्वी खुद्द मुहंमद तुघलकाचे नावही जौना खान असेच होते. सुलतान आणि सुभेदार यांची नावे जुळणे हा निव्वळ योगायोग असू शकतो, किंवा लोकस्मृतीने एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या खात्यावर टाकल्या असतील. तुघलकाचा बीडशी संबंध मात्र काल्पनिक नाही. 1327 मध्ये त्याने राजधानी दौलताबादला आणली आणि बीड त्याच्या दक्षिणेतील मार्गांवर आले. याच परिसरात त्याचा दात पडला आणि त्याने तो समारंभपूर्वक पुरून त्यावर घुमट बांधला, असे फरिश्ता लिहितो. दाताची कबर असणारा जिल्हा म्हणून बीडची थट्टा होते ती यावरून. थट्टा बाजूला ठेवली तरी सुलतानाचा इथला वावर त्यातून दिसतोच.

परंपरेत आणखी एक गुंतागुंत आहे. ती एका दमात दोन गोष्टी सांगते : नदी वळवली आणि माणसेही हलली. मग गावाने नदी ओलांडली, की नदीनेच गावाची बाजू बदलली? केवळ ग्रंथावरून याचा निकाल लागत नाही. म्हणून दगडाकडे वळावे लागते.

बीडमधील सर्वांत जुनी वास्तू कंकालेश्वर. काळ्या पाषाणातले हे शिवमंदिर एका विस्तीर्ण जलाशयाच्या मधोमध उभे आहे. त्याच्या नेमक्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, तरी शैलीवरून ते चालुक्य-यादव काळातले, म्हणजे तुघलकाच्या आधीचे मानले जाते. ते आहे शहराच्या पूर्व भागात, पेठेच्या बाजूला. एवढे मंदिर आणि एवढा तलाव ओसाड माळावर कोणी बांधत नाही. त्याला दान देणारे, पूजा चालवणारे, दगड घडवणारे आणि गाळ काढणारे लोक जवळपास असावे लागतात.

दुसरा पुरावा शहेनशाहवली दर्ग्याचा. चौदाव्या शतकातील, चिश्ती परंपरेतले हे सूफी. त्यांची मजार पूर्वेकडच्या उंचवट्यावर आहे आणि तिच्याभोवतीची बांधकामे 1385 ते 1840 या काळात टप्प्याटप्प्याने झाली. सूफी संत अनेकदा गावाबाहेर राहत, त्यामुळे केवळ दर्ग्यावरून वस्ती सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तट पश्चिमेला आणि शहराची सर्वांत जुनी दोन श्रद्धास्थाने पूर्वेला, ही विभागणी विचार करायला लावते. सत्ता नदी ओलांडून गेली. देव आणि पीर मात्र होते तिथेच राहिले.

असा प्रकार जगात इतरत्रही आढळतो. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात एल्बे नदीच्या उजव्या काठावरच्या भागाला 'नॉयश्टाट', म्हणजे नवे शहर, म्हणतात. पण सतराव्या शतकापर्यंत त्याच भागाचे नाव 'आल्टेनड्रेस्डेन', म्हणजे जुने ड्रेस्डेन, असे होते. 1403 मध्ये त्याला स्वतंत्र नगराचे अधिकार मिळाले, सोळाव्या शतकाच्या मध्यास ते पलीकडच्या शहरात विलीन झाले, 1685 च्या आगीत जवळजवळ सारे जळाले आणि पुनर्बांधणीनंतर 'नवे' झाले. बीडच्या पेठेच्या नावाबाबतही असेच काही घडले असावे, असे मानायला जागा आहे. एक फरक ध्यानात ठेवावा. ड्रेस्डेनचे जुने नाव कागदोपत्री नोंदलेले आहे, बीडचे परंपरेत अडकलेले आहे.

आता भिंतीविषयी. तट शत्रूसाठी असतो असे आपण समजतो, पण नदीकाठच्या गावात तो पाण्यासाठीही असतो. एका काठाला भिंत घातली की पुराचे पाणी नाहीसे होत नाही. त्याला पसरायला दुसरा काठ किंवा खालचा भाग लागतो. भिंतीच्या आत असणे आणि बाहेर असणे यांतला फरक असा दर पावसाळ्यात मोजला जातो. बालाघाटाच्या डोंगरातून येणारी बिंदुसरा उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी असते, म्हणून तिचा धाक विसरला जातो. 23 जुलै 1989 रोजी ती अशी चढली की शहरातील तीन वस्त्यांची मोठी हानी झाली आणि अनेकांचे प्राण गेले. बीडच्या जुन्या पिढीत त्या दिवसाची आठवण आजही निघते.

याच बीडजवळ 1582 मध्ये मुर्तझा निजामशाहाचा सरदार सलाबत खान याने खजाना विहीर बांधून भुयारी कालव्याने शेतांना पाणी दिले. पाणी आणण्याचे शास्त्र इथे उत्तम अवगत होते. पाणी दूर ठेवण्याचे काम मात्र प्रत्येक काळात ज्याच्या हाती सत्ता त्याच्या काठापुरतेच झाले.

पेठ पुढे वाढत राहिली. औरंगजेबाच्या काळातील नायब सुभेदार हाजी सदर शाह याने 1703 मध्ये पूर्वेच्या उंचवट्यावर गाझीपुरा नावाची नवी वस्ती वसवल्याचे स्थानिक इतिहास सांगतो. आजचा इस्लामपुरा तो हाच. पूर्वेच्याच टेकडीवर खंडोबाचे हेमाडपंती धाटणीचे मंदिर आहे आणि त्यासमोर सुमारे 70 फूट उंचीच्या दोन अष्टकोनी दीपमाळा. त्या कोणी बांधल्या? एक मत निजामाचे जहागीरदार सुलतानजी निंबाळकर यांचे नाव घेते, तर दुसरे महादजी शिंदे यांचे. दीपमाळांवरची माणसांची आणि प्राण्यांची शिल्पे आता बरीच झिजली आहेत.

आजच्या पेठेला स्वतःचे पोलीस ठाणे आहे, स्वतःची गजबज आहे. महाशिवरात्रीला कंकालेश्वरासाठी आणि नवरात्रात खंडेश्वरीसाठी अवघे बीड पूल ओलांडून इकडे येते.

गाव हलले की नदी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पेठेतल्या घरांच्या जोत्यांखाली आहे. जुने वाडे उतरवून तिथे इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांचे पाये पूर्वीपेक्षा खोल जातात. अशा खोदकामात निघणारी खापरे, विटा आणि नाणी मातीसोबत ट्रॅक्टरमध्ये भरली जाण्याआधी कोणी पाहिली, त्यांची जागा आणि खोली लिहून ठेवली, तर 'तारीख-ए-बीर'मधील एका वाक्याची परीक्षा घेता येईल. त्यासाठी तुघलककालीन थराच्या खाली यादवकालीन वस्तीचा थर सापडतो का, एवढेच पाहायचे आहे.