प्लेगचे घर कुठे होते?

१/
२३ सप्टेंबर १८९६. मुंबई बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात एका तापाच्या रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी निदान केले: गाठीचा प्लेग. व्हिएगास मूळचे गोमंतकीय. धोबी तलावाला मेट्रो चित्रपटगृहासमोर जो पुतळा उभा आहे तो त्यांचाच. आपण रोज त्याच्या बाजूने जातो, नाव मात्र क्वचित वाचतो.

२/
मांडवी हे धान्याच्या वखारींचे ठिकाण. जिथे धान्य तिथे उंदीर, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. गाठीचा ताप पसरण्याआधी वखारींत उंदीर मरून पडत होते, हे तिथल्या हमालांनी आणि दुकानदारांनी पाहिले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सगळा थ्रेड तिच्याभोवती फिरणार आहे.

३/
प्लेगचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन याने रुग्णांच्या गाठींत तो पाहिला होता, आणि मेलेल्या उंदरांतही. आज त्याचे नाव आहे यर्सिनिया पेस्टिस. शत्रूचा चेहरा दोन वर्षे आधीच कळला होता. मग पुढच्या पंचवीस वर्षांत भारतात १ कोटीहून अधिक माणसे का गेली? एक कारण असे की जंतू कोण हे ठाऊक होते, पण तो राहतो कुठे आणि एका शरीरातून दुसऱ्यात जातो कसा, हे ठाऊक नव्हते.

४/
सरकारच्या डोळ्यांसमोर रोगाचे घर म्हणजे घाण, दमट जमीन, कोंदट हवा, आणि 'अस्वच्छ' नेटिवाचे शरीर. त्यामुळे गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, कौले उतरवून ऊन आत सोडले गेले. बिळांत पाणी शिरल्यावर उंदरांनी काय केले असेल? शेजारच्या घरात बिऱ्हाड हलवले. १८९७ च्या आरंभी निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. माणसे गाठोडी घेऊन गावोगाव गेली, आणि त्या गाठोड्यांतून आणखी काय गेले ते पुढे येईलच.

५/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. आगगाड्या थांबवून प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपण्यात येऊ लागल्या. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, सामान जाळायला. स्त्रियांच्या तपासणीने तर शहर पेटून उठले.

६/
त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. हा भाग आपण शाळेत वाचतो. त्याच्या शेजारीच घडत असलेले संशोधन मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

७/
सरकार घरे उपसत असताना लोकांनी स्वतःचा एक उपाय धरला होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे. आपल्या पणजोबांच्या पिढीच्या आठवणींत या प्लेगच्या झोपड्या हमखास येतात. अधिकाऱ्यांना हे अडाण्यांचे भय वाटे. प्रत्यक्षात साऱ्या उपायांत हा सर्वांत नेमका होता, फक्त 'का' ते कोणी सांगू शकत नव्हते.

८/
ते सांगणारा माणूस १८९७ साली भारतात आला. पॉल-लुई सिमाँ, फ्रेंच वैद्य, पाश्चर संस्थेने धाडलेला. त्याच्या लक्षात आले की काही रुग्णांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीकसा फोड असतो. फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू. गाठ येते तीही त्या फोडाच्या बाजूच्या जांघेत. म्हणजे जंतू कातडीतून आत शिरला, कुणाच्या तरी दंशाने.
दुसरे निरीक्षण: नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे दगावतात, पण मरून बराच वेळ झालेला, गार पडलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नाही. गार प्रेतावरून काय निघून जाते? पिसवा.

९/
जून १८९८, कराची. सिमाँने मोठ्या काचेच्या बरणीत वाळू घालून प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्यावर पिसवा सोडल्या. तो मरणाला टेकला तेव्हा दुसरा, निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून वर टांगला. दोघांचा स्पर्श शक्य नव्हता, पिसवांची उडी मात्र शक्य होती. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसल्या की एकत्र ठेवलेले उंदीर सुखरूप राहत.

१०/
त्याच वर्षी त्याने हे प्रसिद्ध केले, आणि त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १८९८ साली नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने पिसवांचा सिद्धान्त बाजूला सारला. माझ्या मते रँडच्या जुलमापेक्षाही ही चूक महाग पडली. जुलूम निदान डोळ्यांना दिसत होता.

११/
चित्र पालटले मुंबईत. १९०३ साली ग्लेन लिस्टन एका चाळीचा अभ्यास करत होता. आधी तिथले उंदीर पटापट मेले. मग रहिवासी पिसवांनी हैराण झाले. मग माणसांना प्लेग. लिस्टनने माणसांच्या अंगावरच्या पिसवा पकडून पाहिल्या, तर जवळपास निम्म्या उंदरावरच्या जातीच्या निघाल्या. एरवी ही पिसू माणसाच्या वाटेला जात नाही. यजमान संपला, म्हणून ती मिळेल त्या उबदार अंगाकडे वळली.

१२/
१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) याचा कसून पडताळा झाला. त्यासाठी मुद्दाम छोट्या खोल्या बांधल्या गेल्या. आजारी आणि निरोगी गिनीपिग महिनोन्महिने एकत्र ठेवले. पिसवा नसतील तर रोग नाही, असतील तर हटकून रोग. पिंजरा जमिनीपासून दोन इंच वर टांगला तर लागण, दोन फूट वर टांगला तर नाही, कारण पिसूची उडी तेवढी नसते. हवा तीच, जमीन तीच. 'कोंदट हवेचा' सिद्धान्त तिथे संपला.

१३/
आता खुद्द पिसूच्या पोटात जाऊ. १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले की पिसूच्या जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेत हा जंतू इतका वाढतो की चिकट बोळा बसून वाटच बुजते. पिसू रक्त ओढते, ते आत जात नाही. भुकेने वेडी होऊन ती पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याला अडकलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओतते. अखेर ती उपासमारीने मरते. जंतूने तिचा उपयोग सुईसारखा केलेला असतो.

१४/
हा बोळा थंडाव्यात टिकतो, उष्णतेत विरघळतो. परळच्या संशोधकांनी आकडे मांडले तेव्हा सरासरी तापमान ८५ अंश फॅरनहाइटच्या वर गेले की साथ ओसरते असे दिसले होतेच. मुंबईत प्लेग हिवाळ्याच्या अखेरीस चढे आणि मे-जूनमध्ये उतरे, त्यामागचे एक कारण पिसूच्या जठरात होते.

१५/
पुढच्या काळातील संशोधनाने आणखी एक थर उलगडला. पिसूच्या शरीरात, २५-२६ अंश सेल्सिअसला, जंतू चिकट आवरण तयार करून बोळा बांधतो. तोच जंतू माणसाच्या किंवा उंदराच्या ३७ अंशांच्या रक्तात आला की वेगळेच कवच अंगावर चढवतो, ज्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. दोन घरे, दोन वेष, आणि वेष बदलण्याची खूण म्हणजे केवळ तापमान.

१६/
याचा पूर्वज साधासुधा पोटाचा विकार करणारा जंतू होता. काही नवी जनुके लाभली आणि पिसूच्या पोटात तगण्याची सोय झाली. या साऱ्या साखळीत माणूस जवळजवळ वाट चुकलेला पाहुणा आहे. फुप्फुसाचा प्लेग सोडला (तो खोकल्यातून पसरतो) तर गाठीचा रोगी सहसा दुसऱ्याला रोग देत नाही.

१७/
म्हणजे १८९७ च्या पुण्यात शिपाई ज्याला शोधत होते, तो रोगी बहुतेक वेळा शेजाऱ्यांना निरुपद्रवी होता. जंतू भिंतीतल्या बिळात होता, आढ्यावर होता, मुंबईहून आलेल्या गाठोड्यातल्या गोधडीत होता. आणि माळावरच्या झोपडीत धान्याची कणगी नसल्याने उंदीरही नव्हता.