दगडातला चेहरा



पेणहून रोह्याकडे एसटीने जाताना खिडकीची जागा मिळाली, की आपण रस्त्याकडेचे कातळ बघत बसतो. मांडीवरचं पोर मध्येच ओरडतं, "आई, त्या दगडाला नाक आहे!" आपण वाकून बघतो, तर खरंच कपाळ, नाक, हनुवटी! गाडी थोडी पुढे जाते आणि चेहरा मोडतो. उरतो नुसता दगड.

हे चेहरे कुणी कोरलेले नसतात. आपला डोंगरमुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला. थरावर थर बसले, काही टणक, काही ठिसूळ. पावसाचं पाणी ठिसूळ थर आधी खातं. पुढे राहिलं ते नाक, आत गेला तो डोळा. बाकीचं काम आपली नजर करते. तान्ह्या बाळाची नजरसुद्धा आधी चेहऱ्यावरच ठरते.

वाकण फाट्यावरून पालीला वळलं की सरसगड दिसतो. लांबून बघणाऱ्यांना तो पगडीसारखा दिसला, म्हणून त्याला 'पगडीचा किल्ला' म्हणतात. बल्लाळेश्वराच्या देवळापाशी उभं राहून बघणारे भाविक सांगतात, की मागचा डोंगर गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखाच दिसतो. डोंगर एकच, पण आपण कुठे उभ्या आहोत त्यावर त्याचं रूप ठरतं.

पालीतच धोंडी विनायक आहे. त्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बल्लाळ आणि त्याचे सवंगडी रानात एका धोंड्यालाच गणपती मानून पूजेत रमले, घरी यायचं विसरले. बापाने रागाने तो धोंडा भिरकावला आणि पोराला झाडाला बांधलं. मोठ्यांना धोंडा दिसला, पोरांना देव दिसला. आज बल्लाळेश्वराआधी दर्शन घ्यायचं ते या धोंडी विनायकाचं.

बल्लाळेश्वराचं लाकडी देऊळ जाऊन दगडी देऊळ झालं १७६० साली, याची नोंद आहे. पाली भोर संस्थानात होती, १९४८ साली संस्थान विलीन झालं, याचीही नोंद आहे. पण डोंगराला पहिल्यांदा 'पगडी' कोण म्हणालं, हे कुठेच लिहिलेलं नाही. गुराखी असेल, नाहीतर मोळी घेऊन उतरणारी एखादी बाई असेल.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये असाच एक चेहरा होता. उंच कड्यावर पाच खडकांचा मिळून म्हाताऱ्याचा चेहरा, खालच्या रस्त्यावरून दिसणारा. लोकांनी त्याला राज्याची खूण मानलं, तो नाण्यावर छापला, कोसळू नये म्हणून लोखंडी सळया ठोकल्या. तरी ३ मे २००३ रोजी तो कोसळला. पण त्याचे फोटो होते, नाव होतं, म्हणून आजही लोक तिथे थांबून वर बघतात.

आपल्याकडचे दगड रस्ता रुंद होताना, खडीसाठी सुरुंग लागताना जातात. सातबाऱ्यावर गट नंबर राहतो, दगडाचं नाव राहत नाही. ती नावं आपल्याच तोंडी आहेत. लग्न होऊन आलो तेव्हा कुठल्या कातळाला काय म्हणतात, हे आपल्याला सासूने, जावेने सांगितलं. माहेरचीही दोनचार नावं आपण सोबत आणली.

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वहीचं शेवटचं पान उघडा. गावातल्या म्हाताऱ्या आजीला शेजारी बसवा. कुठला दगड, त्याचं नाव काय, कुठे उभं राहिलं की तो तसा दिसतो आणि हे आजीला कोणी सांगितलं, एवढं लिहून घ्या. सांगणाऱ्या आजीचंही नाव लिहा. पगडीच्या वेळी तेवढंच राहून गेलं होतं.