पन्नास पावल्यांचा हिशेब

ऑगस्ट २००३ मध्ये दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन मी मास्टर्स करायला अमेरिकेत आलो. पहिल्याच आठवड्यात सीनियर मंडळींनी जो उपदेश केला त्यात एक कलम होते, "क्वार्टर कधी खर्च करू नकोस, साठवून ठेव." कारण अपार्टमेंटच्या तळघरातले कपडे धुण्याचे यंत्र फक्त क्वार्टरच खायचे. क्वार्टर म्हणजे डॉलरचा चौथा हिस्सा, २५ सेंट. आपल्या भाषेत पावली!

एका रविवारी टेबलावर पावल्या मोजत बसलो होतो. एका बाजूला सगळीकडे जॉर्ज वॉशिंग्टन, पण मागची बाजू प्रत्येकीची निराळी. डेलावेअरचा घोडेस्वार, जॉर्जियाचे पीच, नॉर्थ कॅरोलायनाचे राइट बंधूंचे विमान. त्या दिवसापासून धुण्याच्या पावल्या वेगळ्या आणि 'ठेवायच्या' पावल्या वेगळ्या झाल्या. एखादे नवे राज्य हाती लागले की तोच शर्ट आणखी एक दिवस चालवायचा. गरीब विद्यार्थ्याचा छंद तो!

ही योजना १९९९ ते २००८ अशी दहा वर्षे चालली. दर वर्षी पाच राज्ये, साधारण दहा आठवड्यांना एक नाणे. क्रमही ठरलेला होता. ज्या राज्याने अमेरिकेची राज्यघटना आधी मान्य केली किंवा जे संघराज्यात आधी आले, त्याचा मान आधी. डेलावेअर पहिले, हवाई शेवटचे. टांकसाळीच्या अंदाजाप्रमाणे जवळजवळ निम्म्या अमेरिकेने ही नाणी जमवली. सरकारची यात चांदीच झाली. पाच-सहा सेंटमध्ये तयार होणारे नाणे पंचवीस सेंटला जाते आणि लोक ते खर्च न करता डब्यात ठेवतात, म्हणजे उरलेला नफा सरकारकडेच राहतो.

२००५ मध्ये नोकरी लागली आणि छंदाला लोभाचे पंख फुटले. "वीस वर्षांनी याचे सोने होईल" असे वाटून प्रत्येक नव्या राज्याच्या दोन कोऱ्या गुंडाळ्या मी बँकेतून आणू लागलो. एका गुंडाळीत ४० नाणी, किंमत १० डॉलर. चार वर्षांत वीस राज्ये, म्हणजे १६०० नाणी, ४०० डॉलर. शिवाय टीव्हीवरच्या एका जाहिरातीला भुलून सोन्याचा मुलामा दिलेला संचही मागवला. सौ. म्हणाली, "यापेक्षा त्या पैशांची दोन वळी केली असती." मी हसण्यावारी नेले.

मागच्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या खर्चाचा हिशेब मांडताना त्या गुंडाळ्यांची आठवण झाली. नाण्यांच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे पेटी घेऊन गेलो. त्याने दोन गुंडाळ्या पाहिल्या आणि शांतपणे सांगितले, "बँकेत भरून टाका." मुलाम्याच्या संचाबद्दल म्हणाला, की मुलाम्याने नाणे उलट बिघडते. महागाई धरली तर माझ्या ४०० डॉलरचे नुसते मोल टिकायलाही आज सव्वासहाशे डॉलर व्हायला हवे होते. झाले होते चारशेच!

घरी आल्यावर चिडून इतिहास वाचायला बसलो, तेव्हा कळले की हा धडा मला शिकवायला अमेरिका निदान १८८३ पासून तयार होती. त्या वर्षी पाच सेंटचे नवे नाणे निघाले. त्यावर रोमन पाचाचा आकडा होता, पण 'सेंट' हा शब्दच नव्हता. ठकसेन त्याला मुलामा देऊन पाच डॉलरचे सोन्याचे नाणे म्हणून खपवू लागले. टांकसाळीने त्याच वर्षी शब्द घातला. चुकीचे नाणे आता दुर्मीळ होणार म्हणून लोकांनी ते जपून ठेवले. ती निघाली सुमारे ५५ लाख आणि दुरुस्त नाणी १ कोटी ६० लाख. आज महाग कोणते? दुरुस्त केलेले! कारण ते कोणी जपले नाही, वापरून झिजवले.

१९५० मध्ये डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटची जेमतेम २६ लाख नाणी पडली. लोकांनी गुंडाळ्याच्या गुंडाळ्या दडवल्या, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भाव आकाशाला भिडले आणि नंतर कोसळले. १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे क्वार्टर घरोघरी जपले गेले. ते दीड अब्जांहून अधिक निघाले होते, आजही ते २५ सेंटलाच चालते. आणि माझ्या पावल्या? एकट्या व्हर्जिनियाच्या सुमारे १ अब्ज ६० कोटी!

मग साठवणूक कोणाला फळली? ज्यांनी १९६४ पर्यंतचे साधे, जुने क्वार्टर ठेवले त्यांना. त्यात ९० टक्के चांदी होती. १९६५ च्या कायद्याने क्वार्टरमधून चांदी गेली आणि जुनी चिल्लर नाण्यापेक्षा धातू म्हणून महाग झाली.

हे वाचताना मला आजी आठवली. तिच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेले राणीछाप रुपये होते. १९४० साली ब्रिटिश सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. आजीला नाणेशास्त्र ठाऊक नव्हते, पण कुठला रुपया खणखणतो ते ठाऊक होते. तिने खणखणीत तेवढे ठेवले, बाकीचे वाण्याला दिले. मास्टर्स केलेल्या नातवाने नेमके उलटे केले.

म्हणजे नव्या नाण्यांकडे पाहूच नये का? तसे नाही. २००४ मध्ये डेन्व्हरला पडलेल्या विस्कॉन्सिनच्या काही क्वार्टरांवर मक्याच्या कणसाला एक पान जास्त आले. ती आज दर्शनी किमतीच्या कितीतरी पट जातात. २०१९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने 'डब्ल्यू' खुणेची एक कोटी क्वार्टर मुद्दाम चलनात सोडली. त्यांनाही जादा भाव मिळतो. पण ही सापडतात ती चिल्लर निरखणाऱ्याला, गुंडाळ्या न उघडता कपाटात ठेवणाऱ्याला नव्हे.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीचा शेवटचा सेंट पडला, तेव्हा आमच्या धाकट्याने लगेच विचारले, "बाबा, पेनी साठवू या का?" मी म्हटले, "एक ठेव. चकचकीत बघून ठेव आणि कुठे मिळाली ते लिहून ठेव. बरणी भरू नकोस." अब्जावधी सेंट अजून लोकांच्या घरात पडून आहेत.

गुंडाळ्या मी बँकेत भरल्या. पन्नास खणांचा पुठ्ठ्याचा नकाशा मात्र ठेवला आहे. त्यातली प्रत्येक पावली खर्चाच्या चिल्लरीतून आलेली आहे. ऱ्होड आयलंडची नायगाराच्या वाटेवर टोलनाक्यावर मिळाली होती, आई-बाबा पहिल्यांदा आले होते तेव्हा. मुलगी कॉलेजला निघाली तेव्हा सवयीने तिच्या हातात धुण्यासाठी दहा डॉलरच्या पावल्या ठेवल्या. ती हसली, "बाबा, तिथली मशीन्स फोनवरून पैसे घेतात!"

तरीही तिने एक पावली घेतली. जॉर्जियाची, पीचची. बाकीच्या एकोणचाळीस मला परत दिल्या.